माणूस गोष्टीत बदलतो म्हणजे नक्की काय होतं?

गेल्या महिन्यात भाची राहायला आली होती, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी 'अर्धसत्य' लावला. १९८३ चा पिक्चर, एका पोलिस सब-इन्स्पेक्टरची गोष्ट, गोविंद निहलानींचा, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. संपल्यावर ती बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "मावशी, हा हिरो आहे की व्हिलन? मला त्याचं वाईट पण वाटतंय आणि त्याने त्या चोराला मारलं ते पण डोक्यातून जात नाहीये."

मला वाटतं हाच प्रश्न हल्ली सगळ्यांना पडतोय. दर दोन-चार महिन्यांनी वाईट वागणाऱ्या हिरोचा एखादा पिक्चर नाहीतर सिरीज येते आणि लगेच दोन तट पडतात, एकजण म्हणतो की असलं दाखवूच नका पोरं बिघडतात, दुसरा म्हणतो पिक्चर आहे पिक्चरसारखा बघा. आणि या भांडणात मुद्द्याचं राहूनच जातं, की गोष्टीमध्ये माणसाचा काळोख कसा उभा केलेला असतो आणि त्याचा बदल कसा घडवलेला असतो. ते एकदा कळलं ना की कोणता लेखक किंवा दिग्दर्शक आपल्याशी प्रामाणिक आहे आणि कोण फसवतोय हे आपलं आपल्याला ओळखता येतं, कोणाला विचारायला लागत नाही. भाचीशी त्या रात्री एक वाजेपर्यंत जे बोलले तेच इथे जरा नीट मांडून लिहितेय.

आधी दोन शब्द

'ग्रे शेड' हा शब्द सगळे वापरतात. पूर्ण काळा नाही, पूर्ण पांढरा नाही, असं पात्र, एवढाच त्याचा अर्थ. आणि दुसरा म्हणजे 'कॅरॅक्टर आर्क', जो मुलाखतींमध्ये फार ऐकू येतो. गोष्ट सुरू होते तेव्हा माणूस मनाने जिथे असतो आणि संपते तेव्हा जिथे पोचतो, त्या दोन टोकांमधला रस्ता म्हणजे आर्क. मी यापुढे त्याला साधं 'प्रवास' म्हणणार आहे. प्रवास वरही जातो आणि खालीही जातो, आणि कधीकधी वर चाललाय असं वाटता वाटता खाली गेलेला असतो.

बिघडणं हे भिंतीच्या ओलीसारखं असतं

पावसाळ्यात घराच्या भिंतीला ओल येते तेव्हा आपल्याला काय दिसतं? आधी एक पुसटसा डाग, मग रंगाचे पापुद्रे, मग एक दिवस हाताएवढा गिलावा खाली पडतो आणि आपण म्हणतो अरे हे काय झालं एकदम! एकदम काहीच झालेलं नसतं. वर गच्चीत कुठेतरी बारीक चीर असते आणि पाणी दोन-तीन पावसाळे मुरत असतं.

चांगली गोष्ट ही चीर दाखवते, आणि वाईट गोष्ट नुसता पडलेला गिलावा दाखवते.

आपल्याकडे याचं सगळ्यात जुनं आणि ठसठशीत उदाहरण म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि नाटक त्याच वर्षी त्यांच्या मागे रंगमंचावर आलं, गंधर्व मंडळीने केलं, नायक सुधाकरची बायको सिंधू झाले होते बालगंधर्व. आपण त्याला दारूबंदीचं नाटक म्हणून बाजूला ठेवतो पण जरा सुधाकरकडे बघा. हुशार वकील आहे, मानी आहे, आणि त्याचा तो मानीपणा हीच गच्चीतली चीर. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळापुरती जाते, तो अपमान त्याला गिळता येत नाही आणि त्याचा कारकून तळीराम समोर पहिला प्याला धरतो. एकच. त्या 'एकच' शब्दात गडकऱ्यांनी सगळं सांगितलंय, कारण कोणीही खाली जाताना दहा पायऱ्या एकदम उतरत नाही, प्रत्येक वेळी एकच उतरतो आणि ती एक पायरी प्रत्येक वेळी परवडण्यासारखी वाटते.

आणि याहून महत्त्वाचं म्हणजे सुधाकर मध्ये दारू सोडतो. खरोखर सोडतो, शपथ घेऊन. मग काम मागायला जातो तिथे जुन्या ओळखीची माणसं त्याचा पाणउतारा करतात आणि तो परत प्याल्याकडे जातो. रंग मारला होता, चीर तशीच होती. शेवटी नशेत त्याच्याच हातून लेकरू जातं, सिंधू जाते, आणि तो विष मिसळलेला प्याला तोंडाला लावतो.

'अर्धसत्य'मधला सब-इन्स्पेक्टर वेलणकर तसाच. बाप हवालदार, घरात आईला मारणारा, त्यानेच पोराला जबरदस्तीने पोलिसात घातलेलं. बापासारखं व्हायचं नाही एवढं एकच त्याला हवंय. प्रत्येक प्रामाणिक कामाला वरून खीळ बसत जाते, हात बांधले जातात, राग साठतो, आणि तो राग आधी निघतो कोणावर, तर कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर. ज्याच्यावर काढायला हवा होता तो गुंड रामा शेट्टी तर तेव्हा मजेत आहे. हे मला फार खरं वाटतं, ऑफिसातला अपमान घरी ताटावर निघतो तसंच हे, फक्त याच्या हातात दंडा होता.

आणि सुधारणं? रडला म्हणजे सुधारला का?

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. शेवटच्या वीस मिनिटांत व्हिलन आईच्या फोटोसमोर रडतो, मागे व्हायोलिन वाजतं, आपले डोळे ओले होतात, आणि आपण मनात त्याला सोडून देतो. भिंतीवर रंग मारणं झालं हे. खरी दुरुस्ती म्हणजे गिलावा फोडायला लागतो, घर महिनाभर धुळीत जातं, खर्च होतो, शेजारी कटकट करतात.

दस्तयेवस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'बद्दल बरेच जण म्हणतात की त्यात एक खुनी पश्चात्ताप होऊन सुधारतो. कादंबरी १८६६ ची, रशियातल्या पीटर्सबर्गमधली. पण नीट वाचली तर असं काही होतच नाही, निदान इतक्या सहज तर नाहीच, म्हणून जरा थांबून सांगते.

रास्कोल्निकोव्ह हा शिक्षण अर्धवट सुटलेला गरीब विद्यार्थी. त्याने डोक्यात एक थिअरी बांधलीय की जगात काही मोठी माणसं असतात, त्यांना मोठ्या कामासाठी नियम ओलांडायची मुभा असते. म्हणून एका गहाणवट ठेवणाऱ्या म्हातारीला तो कुऱ्हाडीने मारतो, आणि तेवढ्यात तिची बहीण लिझावेता अचानक घरी येते, तर तिलाही. लुटलेला ऐवज एका दगडाखाली पुरून ठेवतो, पाकिटात किती पैसे आहेत हेसुद्धा बघत नाही. म्हणजे पैशासाठी केलं हेही खरं नव्हतं.

पुढे सोन्या नावाची मुलगी, जिला घरच्यांची पोटं भरायला शरीर विकावं लागतंय, ती त्याला सांगते की चौकात जा, वाक, जमिनीचं चुंबन घे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग की मी खून केला. तो खरंच बाजाराच्या चौकात जातो, गुडघ्यावर बसतो, त्या घाणेरड्या जमिनीचं चुंबन घेतो. आता आपल्या पिक्चरमध्ये इथे काय झालं असतं? गर्दी स्तब्ध, पाऊस, कोरस. कादंबरीत लोक हसतात. कोणीतरी म्हणतं हा प्यायलाय, कोणी म्हणतं जेरुसलेमला निघालाय वाटतं. आणि 'मी खून केला' हे शब्द त्याच्या जिभेवर येऊन परत जातात, बोलताच येत नाही. मग पोलिस ठाण्यात जातो, जिना चढतो, काही न सांगता खाली येतो, बाहेर सोन्या उभी असते, पांढरीफटक पडलेली, तिला बघतो आणि परत जिना चढतो. तेव्हा कुठे कबुली.

आणि कबुलीनंतरही तो बदललेला नाही! आठ वर्षं सक्तमजुरीची शिक्षा होते, सैबेरियात जातो, आणि तिथेही त्याला वाटतं की माझी चूक एवढीच की मला ते झेपलं नाही. बाकीचे कैदी सोन्यावर माया करतात आणि याला जवळ करत नाहीत. अगदी शेवटच्या पानांत, नदीकाठी, तो सोन्याच्या पायाशी रडतो आणि तिथे बदलाला सुरुवात होते, फक्त सुरुवात, कारण अजून सात वर्षं शिक्षा शिल्लक आहे आणि लेखक सांगतो की ती पुढची गोष्ट वेगळी. दस्तयेवस्की स्वतः सैबेरियात ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षं काढून आलेला होता. माणूस बदलायला किती वेळ घेतो हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

कबुली म्हणजे कर्ज मान्य करणं. हप्ते त्याच्यानंतर सुरू होतात. जी गोष्ट कर्ज मान्य केल्यावरच टाळ्या वाजवून मोकळी होते ती मला अर्धी वाटते.

"पण खुन्याच्या डोक्यात शिरायचंच कशाला?"

ही शंका बरोबर आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही. ज्या घरातलं कोणी गेलंय त्यांना खुन्याचं बालपण ऐकायची इच्छा का असावी?

माझं उत्तर असं, की डोक्यात शिरण्यात धोका नाही, तिथेच राहायला जाण्यात आहे. म्हणजे काय ते सांगते. पिक्चर बघताना मारहाणीच्या सीनमध्ये कॅमेरा कुठे उभा आहे ते बघा. मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आहे, स्लो मोशन आहे, गाणं आहे, आणि मार खाणारा नुसता उडून पडणारा पुतळा आहे, तर पिक्चर आपल्याला त्या माणसाच्या डोक्यात कायमचं बिऱ्हाड करायला सांगतोय. याला उदात्तीकरण म्हणतात. आणि कॅमेरा जर मध्येच मार खाणाऱ्याकडे वळला, त्याचं तोंड, त्याचा हात, त्याची वाट बघणारं कोणीतरी दाखवलं, तर मग आपण दोन्हीकडून बघतो.

दस्तयेवस्कीकडे लिझावेता कुऱ्हाड बघून ओरडत पण नाही, डोकं वाचवायला हातही नीट वर करत नाही, डावा हात थोडासा पुढे करते बस. शेकडो पानं आपण खुन्याच्या डोक्यात असतो पण तो अर्धवट उचललेला हात विसरता येत नाही. थिअरीमध्ये ती कुठेच नव्हती, ती मध्ये आली आणि मेली. त्या एका हाताने लेखकाने सगळी थिअरी खोडून टाकलीय, भाषण न देता.

आणि मुलं बिघडतात का म्हणाल तर, माझ्या मते मुलांना काय दाखवतो यापेक्षा नंतर त्यांच्याशी बोलतो का हे बघायला हवं. भाचीने मला प्रश्न विचारला कारण पिक्चरने तिला अस्वस्थ केलं होतं. ज्या हिंसक पिक्चरनंतर काहीच विचारावंसं वाटत नाही, नुसतं मस्त वाटतं, त्याची मला जास्त काळजी वाटते.

चांगली माणसंही सरकतात

आपण नेहमी वाईट माणूस चांगला झाला का हेच शोधतो. उलटा प्रवास दिसतच नाही, आणि मराठीत तो एका नाटकात असा दाखवलाय की मला अजून अंगावर काटा येतो.

'सखाराम बाइंडर', १९७२, तेंडुलकरांचं, दिग्दर्शन कमलाकर सारंग, सखाराम निळू फुले आणि चंपा लालन सारंग. त्यावरून केवढा गदारोळ झाला, सेन्सॉरशी भांडण कोर्टात गेलं आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. सगळा आरडाओरडा सखारामच्या शिव्यांवर आणि त्याच्या वागण्यावर होता. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना तो घरी आणून ठेवतो, राबवतो, मारतो. तो वाईट आहे हे तो स्वतःच सांगतो, लपवत नाही.

पण लक्ष्मीकडे बघा. देवभोळी, सोशीक, घरातल्या मुंगळ्याशी पोटच्या पोराशी बोलावं तशी बोलणारी बाई. आपण प्रेक्षक म्हणून तिला पहिल्या अंकातच चांगलं ठरवून टाकतो. सखाराम तिला घालवतो, मग त्या घरात चंपा येते. काही दिवसांनी लक्ष्मी परत येते, कुठेच थारा नाही म्हणून, आणि सखाराम तिला ठेवायला तयार नसताना आसरा देते ती चंपा. त्याच चंपाची भानगड लक्ष्मी सखारामला सांगते. तो चंपाचा गळा आवळतो. आणि खून झाल्यावर हा एवढा आडदांड, सगळ्यांना दरडावणारा माणूस गोठून जातो, त्याला काही सुचत नाही, आणि पुढे होते लक्ष्मी. पुरून टाकायचं, कोणाला कळणार नाही, ती पापीच होती, देव आपल्या बाजूला आहे. मुंगळ्याला जपणारे हात खड्डा खणायला पुढे येतात.

ती बदलली का? मला वाटतं तिच्यात ही चीर आधीपासून होती, देवाच्या फोटोमागे झाकलेली. आपण चांगले आहोत याची ज्याला शंभर टक्के खात्री असते त्याला स्वतःकडे बघायचं कारणच उरत नाही. सखारामला निदान तो कोण आहे हे माहीत होतं.

"हे पुस्तकात ठीक आहे, खऱ्या आयुष्यात कोण बदलतं?"

सांगलीच्या आटपाडी तालुक्यात स्वतंत्रपूर म्हणून एक जागा आहे. तेव्हा हा भाग औंध संस्थानात होता, राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर गांधीजींच्या विचारांनी भारावून इथे काम करत होते. त्यांच्या कल्पनेतून १९३९ मध्ये खुली वसाहत उभी राहिली. कैदी, त्यातले खुनाच्या गुन्ह्यातले पण, भिंतीशिवाय राहणार, शेती करणार, बायकामुलं सोबत असणार.

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ', १९५७ चा, याच प्रयोगावर बेतलाय आणि तो लिहिला ग. दि. माडगूळकरांनी, जे त्याच औंध-आटपाडीच्या मातीतले. सहा खुनी आणि एक जेलर, ओसाड जमीन, आणि 'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही त्यातली प्रार्थना तर आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत म्हटलीय. बर्लिनला १९५८ मध्ये या पिक्चरचा गौरवही झाला. पिक्चरमध्ये जेलर शेवटी मरतो, भाजीबाजार हातात ठेवणाऱ्या व्यापाऱ्याच्या माणसांमुळे. म्हणजे सहाजणांच्या बदलाची किंमत कोणीतरी मोजली, ती फुकट झाली नाही, हे शांतारामांनी लपवलं नाही.

मला यात सगळ्यात पटतं ते काम. उपदेश थोडा आणि दगड वेचणं, नांगरणं, पेरणं, भाजी पिकवणं, ती योग्य भावात विकणं हे जास्त. ज्या हाताने खून केला त्याच हाताला रोज सकाळी दुसरं काहीतरी करायची सवय लावायची. मन नंतर येतं हातामागून. स्वतंत्रपूरच्या प्रयोगात जादू नव्हती आणि प्रत्येक माणूस असा बदलेल असं मी म्हणणार नाही, पण शेत, घर आणि विश्वास मिळाल्यावर कुंपण नसताना माणसं तिथे राहिली, आणि ती वसाहत महाराष्ट्राच्या तुरुंग खात्यात पुढेही चालू राहिली.

बदलला, मग माफ करायचं का?

हा भाचीचा शेवटचा प्रश्न होता आणि सगळ्यात अवघड.

मी तिला अंगुलिमालाची गोष्ट सांगितली. नागपूरला १९५६ मध्ये बाबासाहेबांनी धम्म दिल्यापासून आपल्याकडे विहाराविहारात ही गोष्ट सांगतात, बहुतेकांना निम्मी माहीत असते. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा डाकू, बुद्ध चालत चाललेत, हा मागे पळतोय आणि तरी गाठता येत नाहीये, हा ओरडतो थांब, बुद्ध म्हणतात मी थांबलोय, तू थांब. तो शस्त्र टाकतो आणि भिक्षू होतो. इथे आपण गोष्ट थांबवतो, छान वाटतं.

पाली सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशाच्या जुन्या ग्रंथात, गोष्ट पुढे चालू राहते. एकदा भिक्षेला गेला असताना त्याला एक बाई दिसते, बाळंतपणात अडलेली, वेदनेत. तो कळवळून बुद्धांना येऊन सांगतो. बुद्ध म्हणतात, जा आणि तिला म्हण की मी जन्मल्यापासून जाणूनबुजून एकाही जिवाला मारलं नाही, या सत्याने तुझं भलं होवो. तर अंगुलिमाल म्हणतो, भन्ते, हे खोटं होईल. मी किती जणांना मारलंय. मग बुद्ध शब्द बदलून देतात, धम्मात माझा नवा जन्म झाल्यापासून, असं म्हण. इतक्या माणसांचे जीव घेतलेला माणूस एका खोट्या वाक्यापाशी अडतो, एका अडलेल्या बाईचं भलं करायला म्हणून सुद्धा त्याला आपलं मागचं पुसून टाकायचं नाहीये. बदल झाला हे मला शस्त्र टाकलं तिथे नाही कळत, इथे कळतं.

आणि मग एके दिवशी तो गावातून परत येतो तेव्हा डोकं फुटलेलं, रक्त वाहतंय, भिक्षापात्र मोडलंय, चीवर फाटलंय. कोणी दगड फेकला, कोणी काठी, कोणी ढेकूळ. बुद्ध त्याला बघून म्हणतात, सोस हे, तुझ्याच कर्माचं फळ तू इथे याच जन्मी भोगतोयस.

भाची जरा वेळ विचार करून म्हणाली, "पण मावशी, दगड मारणाऱ्यांतल्या कोणाचा भाऊ त्याने मारला असेल तर?"

असेलच. सुत्तात त्यांची नावं नाहीत. बुद्ध त्यांना बोलावून घेत नाहीत, माफ करा म्हणत नाहीत, करू नका असंही म्हणत नाहीत. जे काही बोलतात ते फक्त अंगुलिमालाशी.